नवा अंमल

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे जेथे केळीच्या बागा, पानवेलीचे मांडव आणि थोड्याथोड्या अंतरावर एकेक चर्च अशी भूमीची वाटणी झालेली आहे त्या भागात, कॅथलिक घराचा दिनक्रम घरातील माणसे ठरवीत नाहीत. तो त्यांच्या जन्मापूर्वी काही शतके ठरून गेलेला असतो. पहाटे, मध्यान्ही आणि सायंकाळी आंजेलुसची घंटा व्हावयाची, शुक्रवारी उपवासकाळात मांसाचे नाव काढावयाचे नाही, रात्री दिवे लागल्यावर सर्वांनी वेदीपुढे गुडघे टेकून रोझरी म्हणावयाची, मे महिना मरियामातेचा, नोव्हेंबर मृतांचा आणि डिसेंबर नाताळच्या गोडाधोडाचा, ही वहिवाट इतकी जुनी व निर्वेध की तिच्याविरुद्ध तक्रार करावी हेही कोणाच्या मनात येत नसे. अशा घरात गेल्या १४ फेब्रुवारीस आमच्या धाकट्या बंधूंना पुत्ररत्न झाले, आणि पोर्तुगीज, पेशवे व इंग्रज अशा तीन राजवटी पचवून शाबूत राहिलेली ही व्यवस्था सव्वातीन किलो वजनाच्या एका इसमाने, कोणतीही पूर्वसूचना न देता, एका रात्रीत बरखास्त केली.

आम्ही स्वतः अविवाहित असून त्याच घराच्या माडीवर राहतो. त्यामुळे या सत्तांतराची बखर लिहिण्यास आवश्यक ती तटस्थता आणि फुरसत दोन्ही आमच्यापाशी आहेत असा आमचा समज आहे. आमच्या भावजयीचा समज मात्र असा, की ज्या माणसाला रात्री तीन वाजता उठावे लागत नाही त्याच्या तटस्थतेला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही.

नव्या अंमलाचा पहिला खटका उडाला तो घंटेशी. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई सर केली, तेव्हा तेथील चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी आपल्या मुलखात नेल्या. त्यांतली एक नाशकात नारोशंकराच्या देवळावर आणि एक वाईजवळ मेणवलीस अद्याप पाहावयास मिळते, व या मेणवलीच्या घंटेवर तर बाळाला कडेवर घेतलेली मरियामाताच कोरलेली आहे. शाळेत हा धडा आला की मराठी म्हणून छाती पुढे काढावी की ख्रिस्ती म्हणून मान खाली घालावी, या पेचात आमच्या बाकावरची मुले खिडकीबाहेर पाहत बसत. हा ऐतिहासिक पेच आमच्या भावजयीने एका दुपारी सोडविला. तासभर पाठीवर थोपटून, अंगाई संपल्यावर बाराखडी आणि बाराखडी संपल्यावर भाजीचा हिशेब त्याच चालीवर म्हणून, पावणेबाराला जे मूल कसेबसे झोपी गेले होते ते बाराच्या पहिल्या टोल्याला दोन्ही मुठी उगारून जागे झाले, तेव्हा त्या माउलीने चर्चच्या दिशेने पाहिले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "दादा, मराठ्यांनी सगळ्याच घंटा का हो नेल्या नाहीत?"

नामकरणाचे प्रकरण याहून नाजूक होते. पहिल्या मुलाला आजोबांचे नाव द्यावयाचे हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आमच्या समाजात जी मोकळी हवा आली तिच्याबरोबर मराठी नावेही आली, आणि आज आमच्या गावच्या कोणत्याही वर्गाच्या हजेरीपटावर अर्धे नाव लिस्बनचे व अर्धे सदाशिव पेठेतले अशी मुले ओळीने बसलेली आढळतात. आईबापांना असेच एक सुटसुटीत, दोन अक्षरी मराठी नाव हवे होते. बाबांनी आपले नाव उघडपणे पुढे केले नाही; त्यांनी एवढेच सांगितले की मूल ज्या संताच्या दिवशी जन्मते त्याचा मान राखावा, आणि भिंतीवरचे चर्चचे कॅलेंडर काढून आणले. इतरांची अटकळ होती की १४ फेब्रुवारी म्हणजे संत व्हॅलेंटाईन, आणि हे नाव बाबा स्वतःच नाकारतील. परंतु बाबा हे पक्के कागदपत्री गृहस्थ. १९६९ मध्ये रोमने संतांच्या पंचांगाची फेरतपासणी केली तेव्हा व्हॅलेंटाईन यांचे नाव सार्वत्रिक यादीतून कमी करण्यात आले, हे त्यांना तोंडपाठ होते; त्या परिपत्रकाची नक्कल गुलाब आणि चॉकलेटे विकणाऱ्यांना आजतागायत पोहोचलेली नाही, हा दोष रोमचा नव्हे. त्या दिवसाचे खरे मानकरी सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ, ज्यांनी नवव्या शतकात स्लाव लोकांमध्ये धर्मप्रसार केला आणि ज्यांतल्या सिरिलने त्या लोकांच्या भाषेसाठी नवी लिपी निर्माण केली. बाळाने या ठिकाणी जो एक दीर्घ, अनुनासिक आणि मध्येच तुटणारा स्वर काढला तो लिहून घ्यावयाचा तर देवनागरी अपुरी पडली असती हे आम्हांलाही मान्य करावे लागले. तरी 'मेथोडियस' ही हाक केळीच्या बागेच्या या टोकाकडून त्या टोकाला कशी पोहोचणार, या आईच्या व्यावहारिक शंकेपुढे बाबा निरुत्तर झाले.

सरतेशेवटी तह झाला. धर्मसंहितेच्या ८५५ व्या कलमाची अपेक्षा एवढीच की मुलाचे नाव ख्रिस्ती भावनेला विजोड असू नये. म्हणजे आमच्या भांडणाला कायद्याने भरपूर मैदान मोकळे सोडलेले होते. तहाची कलमे अशी ठरली की पहिले नाव आईबापांच्या पसंतीचे मराठी, त्याला जोडून आजोबांचे, आणि त्यामागे सिरिल. ही त्रिदळी नामावली चर्चच्या दफ्तरात आणि महानगरपालिकेच्या दाखल्यात रीतसर चढली, आणि घरात त्याच दिवसापासून सर्वजण त्याला 'सोन्या' म्हणतात.

धर्मपिता म्हणून आमची नेमणूक व्हावी हे आम्हांला आमच्या गुणवत्तेचे फळ वाटले होते. कायदा पाहिल्यावर तो भ्रम राहिला नाही. धर्मपित्याचे वय सोळा पूर्ण असावे, त्याला दृढीकरण संस्कार मिळालेला असावा, त्याचे वर्तन श्रद्धेस साजेसे असावे आणि तो त्या बालकाचा बाप किंवा आई नसावा. यांतील वर्तनाविषयीची अट फादरांनी आमच्याकडे एकदा नीट पाहून घेऊन गृहीत धरली, आणि उरलेल्या अटी पार पाडण्यासाठी आम्हांला काही विशेष कष्ट पडले होते असे नाही. धर्ममाता म्हणून भावजयीची धाकटी बहीण ठरली. ती दुसऱ्या धर्मग्रामातली असल्यामुळे तिने तिथल्या फादरांचे पत्र आणले, ते पत्र दाखवले, आणि आमच्याकडे पत्र का नाही असे सर्वांदेखत विचारले.

आमच्या आईच्या आठवणीप्रमाणे पूर्वी स्नानसंस्कार आठवड्याच्या आत उरकत. बाळंतीण शेक-शेगडीच्या खोलीतच असे, आणि बाळाला न्यावयाचे काम धर्ममातेकडे व शेजारणींकडे असे. आता कायदा 'पहिल्या काही आठवड्यांत' म्हणतो. त्यात उपवासकाळ मध्ये आला, आणि आमच्या धर्मग्रामात त्या दिवसांत स्नानसंस्कार ठेवीत नाहीत; म्हणून पुनरुत्थानानंतरचा रविवार मुक्रर झाला. तोपर्यंत बाळाने मान धरावयास आरंभ केला होता, आणि आवाज तर त्याने पहिल्या दिवसापासूनच धरलेला होता.

संस्काराचे तपशील आम्ही येथे विस्ताराने देत नाही, कारण आमचे सारे लक्ष हातातल्या पेटत्या मेणबत्तीकडे होते. सैतानाचा धिक्कार करतोस काय, हा प्रश्न लहान मुलाच्या वतीने आईबापांना व धर्ममातापित्यांना विचारला जातो. आम्ही चौघांनी जे उत्तर दिले ते घोगरे व थोडे मागेपुढे झाले. बालकाने त्याच क्षणी जी आरोळी ठोकली ती मात्र सैतानाच्या कानी निश्चित गेली असावी. आईने समाधानाने मान हलविली. मस्तकावर पाणी पडताना जे मूल रडते त्याच्यातून वाईट ते निघून जाते, असे तिच्या आईने तिला सांगितलेले होते, आणि तो हिशेब खरा धरला तर आमच्या पुतण्यात वाईट असे कणभरही शिल्लक राहिलेले नाही. पुढे एक विधी असा आहे की धर्मगुरू बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करून ती लवकर उघडावीत अशी प्रार्थना करतात. फादरांनी कानांसाठीची प्रार्थना सावकाश म्हटली. मुखासाठीची म्हणताना त्यांच्या आवाजात घाई होती असा आमचा कयास आहे. शुभ्र वस्त्र त्याआधीच पांघरण्यात आले होते. नव्या जीवनाचे ते प्रतीक निष्कलंक राखावे असा उपदेश त्याच वेळी करतात, आणि उपदेश पुरा होण्यापूर्वीच बाळाने त्या वस्त्रावर आपली पहिली प्रतिक्रिया पांढरट रंगात नोंदविली.

घरातील खरे धर्मयुद्ध मात्र वस्त्रावरूनच पेटले, आणि ते शुभ्र वस्त्र नव्हे. भावजय नोकरी करणारी. बाळंतपणाची रजा संपली की वसई रोडहून सकाळची लोकल तिला गाठावी लागणार, म्हणून ती डायपरांच्या पक्षाची. आई जुन्या लुगड्यांच्या मऊ बाळंत्यांची कैवारी. तिने त्यांचे गठ्ठे बाळाच्या जन्माआधीच धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून ठेवले होते. दोन्ही बाजूंनी पुरळ, खर्च, पाऊस, सुकविण्याच्या दोऱ्या आणि कचऱ्याची गाडी असे नित्याचे मुद्दे मांडून झाले. मग एका संध्याकाळी आईने शास्त्राधार काढला. लूककृत शुभवर्तमानात मरियेने आपल्या बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले असे स्पष्ट लिहिले आहे. डायपराचा उल्लेख चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. हा घाव वर्मी लागला. भावजयीने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी विचारले, की ती बाळंती धूत कोण होते हे लूकने लिहिले आहे काय? या प्रश्नावर संत योसेफाकडे आमच्या बंधूंचे लक्ष वेधण्यात आले. संत योसेफाच्या तोंडी सबंध शुभवर्तमानांत एकही शब्द नाही. आमच्या बंधूंनी हा आदर्श तात्काळ स्वीकारला आणि काही न बोलता बादली उचलली. तेव्हापासून दिवसा बाळंती व रात्री डायपर अशी दुहेरी राज्यव्यवस्था चालू आहे.

रात्रीच्या रोझरीचा जो कायापालट झाला तो आम्हांला या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा सुधारणेचा प्रसंग वाटतो. रोझरीची एकसुरी लय, पन्नासावर वेळा तीच प्रार्थना, एकाने आरंभ करावा आणि बाकीच्यांनी पुरी करावी, हे सर्व बाळाला इतके मानवले की तिसऱ्या दशकापर्यंत त्याचे डोळे मिटू लागत. घरात आनंदीआनंद झाला. पण त्यात एक मेख होती: आवाज थांबला की तो जागा होई. जपमाळ संपली, लितानी संपली, कोणी तरी उठून दिवा मालविण्यास गेले, की पुन्हा पहिला पाढा. त्यामुळे आनंदाची रहस्ये झाल्यावर दुःखाची, दुःखाची झाल्यावर गौरवाची, अशी एकाच बैठकीत तिन्ही सत्रे म्हणण्याचा प्रघात पडला, आणि आईच्या गुडघ्यांनी तक्रार केल्यावर बसून म्हणण्याची सवलतही मिळाली.

आता येथे बाबांची एक जुनी भूमिका सांगणे प्राप्त आहे. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोझरीत प्रकाशाची पाच रहस्ये नव्याने सुचविली आणि त्यांना गुरुवार हा वार दिला. बाबांनी पोपमहाशयांविषयीचा संपूर्ण आदर कायम ठेवून ही सूचना स्वीकारली नाही. लहानपणापासून गुरुवारी आनंदाची रहस्ये म्हणत आलेल्या माणसाने उतारवयात वार बदलू नयेत असे त्यांचे मत. त्यामुळे आमच्या घरात दर गुरुवारी, रोमशी उघड संघर्ष न करता, जुनीच वहिवाट चालू होती. मुलाने, सुनेने, फादरांनी सांगून, एवढेच काय, 'सुवार्ता' मासिकातील लेखांनीही काही उपयोग झाला नाही. आणि मग मे महिन्यातल्या एका उकाड्याच्या रात्री, वीज गेलेली, पंखा बंद, आनंदाची, दुःखाची व गौरवाची अशी पंधराही रहस्ये म्हणून झालेली, आणि मांडीवरचे बाळ एक डोळा उघडा ठेवून पुढे काय याची वाट पाहत असलेले. कोणाला काही सुचेना. तेव्हा अंधारातून बाबांचा खाकरल्याचा आवाज आला आणि त्यांनी, जणू काही ही गोष्ट आपण वर्षानुवर्षे करीतच आलो आहोत अशा स्वरात, यार्देन नदीतील बाप्तिस्म्याचे पहिले प्रकाशाचे रहस्य जाहीर केले. पाचही रहस्ये त्यांना क्रमाने पाठ होती. वारही गुरुवारच होता. पण तो उल्लेख कोणी केला नाही.

उपवासकाळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दरवर्षी आम्ही सारे कशाचा तरी त्याग करण्याचा निश्चय करतो. या वर्षी बाळाच्या आईबापांनी झोपेचा त्याग केला, आणि तो त्यांच्या निश्चयाची वाट न पाहता करविण्यात आला, एवढाच काय तो फरक.

रविवारची मिस्सा हे मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. धर्मसंहितेचे अकरावे कलम असे की धर्मसभेने स्वतः केलेले कायदे सात वर्षे पुरी न झालेल्या बालकास लागू नाहीत. तात्पर्य, रविवारच्या मिस्साची सक्ती बाळाला नाही, त्याच्या आईबापांना आहे. आणि प्रत्यक्षात ज्याला सक्ती नाही त्याच्या सवडीप्रमाणे, ज्यांना सक्ती आहे ते, पिशवी, बाटली, दोन जोड झबली, एक खुळखुळा आणि एक छत्री घेऊन निघतात. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात तान्ह्या मुलाची देखभाल हे मिस्सा चुकण्याचे सबळ कारण मानले आहे, हा शोध भावजयीनेच लावला आणि परिच्छेदाच्या क्रमांकासह, २१८१, सासऱ्यांपुढे मांडला. बाबांनी तो क्रमांक मान्य केला. पण आई म्हणाली, "अगो, मिस्सा चुकली तर देव समजून घेईल, पण बाळ दिसले नाही तर सगळ्या बायका मिस्सा सुटल्यावर घरी येतील, त्यांना चहा कोण करणार?" त्या दिवसापासून हे कुटुंब एकही रविवार चुकलेले नाही.

बाळ चर्चमध्ये शिरताना प्रसन्न असते. गायनवृंद चालू असता तो छताकडे पाहत स्वस्थ पडतो. शांती देण्याच्या वेळी तर मागच्यापुढच्या तीनचार रांगांतले लोक आपल्या शेजाऱ्यास विसरून त्याच्याच हाताशी हस्तांदोलन करावयास येतात, आणि तो कोणत्याही उमेदवारास शोभेल अशा सौजन्याने ते स्वीकारतो. त्याचा कल बिघडतो तो शांततेने. फादर शुभवर्तमान वाचताना क्षणभर थांबले, की त्या क्षणाचा ताबा घेण्यास तो नेमका सज्ज असतो, आणि मग आमचे बंधू त्याला खांद्यावर टाकून, सभ्य पण जलद गतीने, बाजूच्या दाराने ओसरीत प्रयाण करतात.

या ओसरीत एक वेगळेच धर्मग्राम वसलेले आहे. तेथे तरुण बापांचा एक वर्ग खांद्यावर टॉवेल व टॉवेलावर मूल घेऊन येरझारा घालीत असतो. दात येणे, ग्राइपवॉटर, लसीची तारीख, विरार लोकलची गर्दी आणि वांग्याचा भाव यांवर तेथे जी चर्चा चालते ती आतील प्रवचनापेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकली जाते. या वर्गाची एकच व्यथा आहे: त्यांच्या वाट्याला शुभवर्तमान कधीही पुरे येत नाही. जुलै महिन्यात पेरणाऱ्याचा दाखला होता. आमच्या बंधूंनी वाटेवर पडलेले बी पाखरांनी खाल्ले, खडकाळ जागी पडलेले उन्हाने करपले, इथपर्यंत ऐकले, आणि काटेरी झुडपांपाशी त्यांना बाहेर पडावे लागले. घरी येताना सबंध रस्ताभर ते उदास होते. आम्ही शेतकरी माणसे. बियाणे कुठे कुठे वाया गेले ते कळावे आणि पीक किती आले ते कळू नये, ही गोष्ट आमच्या रक्तात बसत नाही.

याच असंतोषातून अर्ज जन्मास आला. ओसरीतील पाच पित्यांनी सह्या करून पॅरिश कौन्सिलकडे दरखास्त दिली, की ओसरीत एक ध्वनिवर्धक बसवावा, जेणेकरून अपत्यसंगोपन व धर्मश्रवण ही दोन्ही कर्तव्ये एकाच जागी पार पाडता येतील. मजकूर आमच्या लेखणीचा असल्यामुळे तो मंजूर होणार याविषयी आम्हांला शंका नव्हती, आणि तो खरोखरच एकमताने मंजूर झाला. पुढच्या रविवारी कर्णा बसला. ओसरीतील पाचही बालके त्या वेळी, दैवयोगाने, एकाच वेळी झोपलेली होती. फादर वाचनपीठापाशी आले, त्यांनी घसा साफ केला, आणि तो साफ केलेला घसा ओसरीत पाचही बालकांच्या डोक्यावर अवतीर्ण झाला.

सांप्रत पितृवर्ग ओसरीतून उठून आवारातील आंब्याच्या झाडाखाली स्थायिक झाला आहे. तेथे घसा पोहोचत नाही, शुभवर्तमानही पोहोचत नाही, परंतु श्रावणातला पाऊस मात्र बिनतक्रार पोहोचतो. सबब झाडाखाली पत्र्याचे एक छप्पर घालून मिळावे असा नवा अर्ज आम्ही लिहून दिला असून तो विचाराधीन आहे, आणि त्या छपरात कर्णा बसवू नये हे कलम अर्जात फादरांनी आपण होऊन घालावयास लावले आहे.